आत गारवा, पुढे ताप
अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या आपल्या मोटारींत कारखान्यातच वातानुकूलन यंत्र बसवून देण्याची सोय केली. त्यातील कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरे. थांबवायचा तर इंजिन बंद करून पट्टाच काढावा लागे. पुढे क्लच आला, ती अडचण मिटली. उष्णतेचा हिशोब मात्र तोच राहिला. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणून रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. शिवाय इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार पडतो. जुनी गाडी एसी लावल्यावर केवळ सिग्नलपाशी तापत असेल, तर आधी पंखा तपासावा. वेगात वारा भरपूर मिळतो. तरीही तापली, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यावा.