सवाईची रात्र गेली कुठे? पेन्शन, प्रहर आणि रात्रीचे दहा

 

आज सुरुवात एका घरगुती गोष्टीने करतो. माझे मामा मूळचे मिरजेचे. १९७० मध्ये पुण्यात टेलिफोन खात्यात लागले आणि त्याच डिसेंबरात पहिल्यांदा सवाईला गेले. सवाई म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव, हे पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगितलं. तेव्हा तो रात्रभर चालायचा. संध्याकाळी घरून डबा आणि शाल घेऊन निघायचं, बैठकीवर जागा धरायची आणि उजाडल्यावर उठायचं. पण मामांची सकाळची ड्युटी! मग काय व्हायचं, दरबारीच्या आलापीत डोळा लागायचा आणि जाग यायची तेव्हा तोडी चालू असायचा. मामा म्हणायचे, "मी सवाईला तीस वर्षं गेलो आणि त्यातली निम्मी झोपलो." त्यांचा एक बेत ठरलेला होता. रिटायर झालो की दुपारी मस्त ताणून द्यायची आणि एकही राग न चुकवता अख्ख्या रात्री ऐकायच्या.

मामा २००६ साली रिटायर झाले. सीझन तिकीट काढलं. पण तोवर रात्रच राहिली नव्हती! दहाच्या ठोक्याला माइक बंद.

तर आजचा विषय हा आहे. निवृत्तीनंतर आठवडाभर मनसोक्त कला अनुभवायची, रात्री जागवायच्या, ही हौस आपल्याकडे जुनीच आहे. पण त्या रात्रीचं झालं काय? आणि ती गेल्यावर पेन्शनर मंडळींच्या हाती काय लागलं?

थोडं मागे जाऊ या.

रात्रभर चालणारी कला ही काही श्रीमंतांची चैन नव्हती, हे आधी लक्षात घ्या. कोकणातलं दशावतार बघा. शेतीची कामं आटोपली, जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोर रात्री उशिरा खेळ उभा राहायचा आणि पहाटे दहीकाल्याने संपायचा. दिवसभर राबणाऱ्या माणसाला मोकळा वेळ होता तो रात्रीचाच. शिवाय अंधारात डोंगरवाटेने घरी परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत खेळ बघितलेला बरा. तमाशाचंही तेच.

शहरात हीच सवय संगीत नाटकाने उचलली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि मराठी माणसाला गाण्याचं वेडच लागलं. वन्समोअर इतके पडायचे की नाटक उत्तररात्रीपर्यंत लांबायचं. घड्याळ बघून नाटक आटोपतं घेणं ही फार नंतरची गोष्ट.

आणि इथेच आपल्याला आजचे नायक भेटतात, रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १८८६. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे गुरू. रामभाऊ नाटकात गेले, स्त्रीभूमिका केल्या, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बालगंधर्व आधीच गाजत होते, त्यामुळे यांना पदवी मिळाली 'सवाई गंधर्व'. म्हणजे गंधर्वापेक्षा सव्वापट! पुढे त्यांनी शिष्य घडवले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि अर्थातच भीमसेन जोशी.

१९५२ च्या सप्टेंबरमध्ये सवाई गंधर्व गेले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, भीमसेनजींनी पुढाकार घेऊन गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचं आयोजन करतं. बघा, कल्पना काही नवी नव्हती. स्वतः सवाई गंधर्व कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ मैफल करायचे. मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गायक हजेरी लावतात. माझे मामा लहानपणी ऐकायचे ते तिथेच, चिंचेच्या झाडाखाली बसून. गुरूची आठवण म्हणजे रात्रभर गाणं, ही या घराण्याची रीतच होती. भीमसेनजींनी ती मोठ्या मैदानावर आणली.

आता मैदानावर रात्रभर गाणं याला शास्त्राचंही कारण आहे. आपल्या संगीतात दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे राग. दुपार कलली की भीमपलासी, मुलतानी. सूर्यास्ताला मारवा, पूरिया. मग यमन. रात्र चढली की बिहाग, बागेश्री. मध्यरात्रीकडे मालकंस, दरबारी, अडाणा. उत्तररात्री सोहनी, परज. पहाटे ललित, मग भैरव आणि तोडी. मैफल रात्रभर असेल तर श्रोता या सगळ्या उतरंडीवरून चालत जातो. बाहेर थंडी वाढत जाते, चहाच्या स्टॉलवरची गर्दी विरळ होते आणि स्वर बदलत जातात. शेवटच्या सकाळी भीमसेनजी गायचे. त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची आणि सगळा मांडव स्तब्ध. ही सांगतेची प्रथा आजही पाळतात. ज्यांनी ती अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मग आला २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा केंद्रीय नियम. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. २००२ मध्ये त्यात थोडी सूट आली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. पण बारा म्हणजे बारा! जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितली.

इथे गाण्याच्या प्रेमी मंडळींना राग येतो. मामांनाही आला होता. "डीजेवाले नाचतात आणि शिक्षा मालकंसाला," असं म्हणायचे. पण त्या खटल्याची पार्श्वभूमी जरूर वाचा. याचिकेत एका तेरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख होता. तिच्यावर बलात्कार झाला तेव्हा लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. हे वाचल्यावर 'आमचं गाणं म्हणजे गोंगाट नव्हे' हा युक्तिवाद जरा अडखळतो. सवाई अनेक वर्षं भरायची ती शनिवार पेठेत, रमणबागेच्या मैदानावर. भोवताली घरं, घरांत आजारी माणसं, लहान मुलं, परीक्षेची पोरं. एकाची सुरेल रात्र ही दुसऱ्याची झोपमोड असते. नियम सगळ्यांना सारखाच लागू, हे कटू असलं तरी न्याय्य आहे, असं मला वाटतं.

पण किंमत मोजावी लागलीच. बारानंतरचे राग मैदानावरून बेघर झाले. मग ते गेले कुठे? नियमात बंदिस्त सभागृहांना सूट आहे. म्हणून कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद, जी १९५२ पासून चालू आहे, ती सभागृहात रात्रभर रंगू शकते. पहाटेच्या रागांना आपल्याकडे दिवाळी पहाटेने आसरा दिला. सहा वाजता माइक सुरू, उटण्याचा वास आणि ललित किंवा भटियार. मध्यरात्रीच्या रागांना मात्र मोठं उघडं मैदान उरलं नाही. मालकंस आता दहाच्या आत बसवावा लागतो. सोहनी उत्तररात्री मैदानावर ऐकलेली माणसं हळूहळू कमी होत जाणार. ही आठवण त्यांच्याबरोबरच जाणार, म्हणून म्हणतो, घरात असं कुणी असेल तर त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करून ठेवा.

आणि आता या गोष्टीतली गंमत. रात्र आखूड झाली तेव्हा महोत्सव काय करणार? तो दिवसाकडे सरकला. तीन रात्रींचे चार, पाच दिवस झाले. सत्रं दुपारी तीनच्या सुमाराला सुरू व्हायला लागली. एखाद्या दिवशी, बहुतेक शनिवारी, बारापर्यंतची सूट.

आता सांगा, बुधवारी दुपारी तीन वाजता पुण्यात मोकळं कोण असतं? आयटीवाले? कॉलेजची पोरं? पेन्शनर हो, पेन्शनर! पुण्याला उगीच पेन्शनरांचं गाव म्हणत नाहीत. पूर्वीच्या सवाईत त्यांना अडचणी होत्या. थंडी, गुडघे, रात्रीच्या गोळ्या, पहाटे रिक्षा मिळण्याची मारामार. पहाटेपर्यंत टिकायचे ते तिशीतले, आणि माझ्या मामांसारखे ते झोपून जायचे! दहाच्या नियमाने तरुणांची रात्र काढून घेतली आणि नकळत निवृत्तांना दुपार देऊन टाकली.

मामांचंच सांगतो. २००६ ला ते चिडूनच गेले होते, दुपारी तीन वाजता, उन्हात टोपी घालून. "ही काय गाणं ऐकायची वेळ आहे?" आणि चारच्या सुमाराला मुलतानी सुरू झाला. रात्री जमणाऱ्या सवाईत मुलतानी कोण गाणार? त्याचा प्रहर मैफल सुरू व्हायच्या आधीच संपलेला असायचा. मामांनी तो कॅसेटवर ऐकला होता, मिरजेत लांबून कानावर पडला होता, पण समोर बसून, त्याच्या स्वतःच्या वेळी, कलत्या उन्हात, कधीच नाही. त्या कोमल ऋषभाने, म्हणे, त्यांच्या अंगावर काटा आला. घरी आले ते वेगळेच होऊन आले. मामींना म्हणाले, "अगं, ही अख्खी दुपार मी ऑफिसात घालवली. छत्तीस वर्षं."

मला वाटतं, निवृत्तीचं मर्म या वाक्यात आहे. आपण ठरवतो, नंतर करू. आणि ते 'नंतर' येतं तेव्हा ती गोष्ट जागची हललेली असते. मामांची रात्र हलली होती. पण त्यांनी तिकीट फाडलं नाही, दुपारी जाऊन बसले. म्हणून मुलतानी मिळाला.

भीमसेनजी जानेवारी २०११ मध्ये गेले. त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पुढे शेवटचं गायन अनेक वर्षं प्रभा अत्रे करत. २०१८ मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये तो झालाच नाही. त्या दोन डिसेंबरांत मामा दुपारी तीनला रेडिओसमोर शाल पांघरून बसायचे. हसू नका, मी स्वतः बघितलंय.

आता मामा ऐंशीला टेकलेत. बैठक सोडून खुर्चीवर आलेत. दहाला संपतं म्हणून आता ते कुरकुरत नाहीत, कारण साडेदहाला गोळी घ्यायची असते.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी नुकतं रिटायर झालं असेल, तर डिसेंबरात त्यांना घेऊन जा. रविवारी तर सगळेच जातात, पण बुधवारी जा. एक दिवस रजा टाका. शाल घ्या, थर्मास घ्या, आणि दुपारच्या रागासाठी वेळेवर पोचा.

तुमच्या घरातली सवाईची, जत्रेची, रात्रभर चाललेल्या नाटकाची आठवण आम्हाला जरूर कळवा.