चूक दाखविणारें भिंग



माझें सारें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. निबंधाच्या वहीवर नुसती लाल फुली मारून ती परत करणारा मास्तर आणि चुकलेल्या शब्दाखालीं रेघ ओढून 'हें येथें बिघडलें' असें दाखविणारा मास्तर, या दोघांत किती अंतर असतें तें मीं जवळून पाहिलें आहे. आज ज्या साधनांचा इतिहास आपणांपुढें मांडणार आहें, तीं साधनें संगणकाच्या क्षेत्रांतलीं असलीं, तरी त्यांची कथा याच अंतराची आहे.

आपण ब्राउझरमध्यें एखादी वेबसाइट उघडतों, तेव्हां दिसणाऱ्या पानामागें तीन गोष्टी असतात: मजकुराची रचना सांगणाऱ्या खुणा, त्याचें रूप ठरविणारे नियम आणि हालचाल घडविणाऱ्या आज्ञा. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत पहिला ब्राउझर रचला, तेव्हां त्यांत पान वाचतांही येई आणि लिहितांही येई. पुढें रूढ झालेल्या ब्राउझरांत लिहिण्याची सोय मागें पडली. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जावास्क्रिप्ट ही आज्ञांची भाषा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केली. १९९६ च्या डिसेंबरांत रूपाचे नियम सांगणाऱ्या सीएसएसचा पहिला प्रमाणपाठ प्रसिद्ध झाला. पानें देखणीं झालीं. परंतु तीं बिघडलीं म्हणजे बिघाड कोठें आहे तें सहजासहजीं उमगत नसे. आज्ञा कोठपर्यंत चालली हें कळावें म्हणून कारागीर मंडळी जागोजागीं सूचनेची चौकट उघडणारी ओळ घालीत आणि उघडणाऱ्या चौकटी मोजीत बसत. अंधारांत भिंत चांचपीत दार शोधावें, तसाच तो प्रकार होता.

१९९८ च्या मार्चमध्यें नेटस्केपनें आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्यांतून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजीं त्यानें फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ति प्रसिद्ध केली. या ब्राउझरला बाहेरच्या जाणत्या माणसास आपल्या हातची जोडणी लावतां येत असे. अशा जोडणीस ॲड-ऑन म्हणतात. घरमालकानें भाडेकरूस भिंतींत खुंट्या ठोकण्याची मुभा द्यावी, तशीच ही मुभा होती. क्रिस पेडरिक यांची 'वेब डेव्हलपर' नांवाची पट्टी ही अशीच एक जोडणी. चित्रें काढलीं, रूपाचे नियम बंद केले किंवा खिडकी लहान केली, तर पान कसें दिसेल, हें ती लागलीच दाखवी.

परंतु मोठा पालट झाला तो २००६ च्या जानेवारींत. फायरफॉक्सच्या आरंभींच्या रचनाकारांपैकीं एक, जो ह्युइट, यांनीं 'फायरबग' ही जोडणी लोकांपुढें ठेवली. प्रोग्रॅममधील दोषास इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. पानावरच्या एखाद्या मथळ्यावर बाण नेला कीं त्याची खूण, त्यास लागू असलेले नियम आणि त्यांतले कोणते नियम दुसऱ्या नियमांनीं रद्द केले, हें सारें खालच्या कप्प्यांत उमटे. तेथेंच एखादा आंकडा बदलला तर पान डोळ्यांदेखत बदले. मूळ प्रत मात्र अबाधित राही. त्यामुळें शिकणाऱ्यास चुकण्याचें भय उरलें नाहीं. प्रत्येक चित्र येण्यास किती वेळ लागला हें पट्ट्यांनीं दिसे, आणि चालत्या आज्ञेस वाटेंत थांबवून तिची झडतीही घेतां येई.

संहिता खुली असल्यामुळें पुढें जॉन बार्टन, यान ओद्वार्को प्रभृतींनीं हें काम वाढविलें. २००७ सालीं याहू कंपनींतील स्टीव्ह साउडर्स यांनीं फायरबगच्याच आधारावर 'वायस्लो' ही जोडणी दिली. पान सावकाश कां उघडतें याची परीक्षा घेऊन ती प्रगतिपुस्तकाप्रमाणें 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देई, आणि कोणत्या नियमांत गुण गेले तेंही सांगे.

मग मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. २००८ च्या सप्टेंबरांत आलेल्या क्रोममध्यें तपासणीचीं साधनें मुळांतच होतीं. २००९ सालीं इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तींतही तीं आलीं. पुढें फायरफॉक्सनेंही स्वतःचीं साधनें घडविलीं. जोडणीचें काम घरानेंच अंगावर घेतलें. १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ति निघाली. वेग आणि सुरक्षितता यांसाठीं तिनें जुन्या पद्धतीच्या जोडण्यांस दार बंद केलें. फायरबगचें कार्यही त्याच वर्षीं संपलें. त्याचे बहुतेक गुण फायरफॉक्सच्या स्वतःच्या साधनांत उतरले होते.

या व्यवहारांत कांहीं गमावलें हें मान्य केलें पाहिजे. घर भक्कम झालें, पण पूर्वीप्रमाणें हवी तेथें खुंटी ठोकण्याची मुभा गेली. आणि ती मुभा नसती तर फायरबग जन्मासच आला नसता. नव्या बंदोबस्ताची तारीफ करतांना हें ऋण विसरतां कामा नये.

फायरबग उघडण्याची कळ एफ-१२ ही होती. आज विंडोजवरील क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्यें तीच कळ दाबली, तर पानाचें अंतरंग उघडतें. आपल्या घरांतील मुलांस ती एकदां अवश्य दाबूं द्या. पान मोडेल अशी धास्ती नको. पुन्हां उघडलें कीं तें पूर्ववत् होतें. चूक कोठें आहे हें ज्यास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसलें, तो ती सुधारण्याच्या वाटेस लागतो, एवढें चाळीस वर्षांच्या मास्तरकीवरून मी खात्रीनें सांगूं शकतों.