एकतारी

जपून, पुढे खड्डा आहे.

१९४७ साल. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या किंग्ज कॉलेजचा चौक. युद्धात बॉम्ब पडून झालेला हा खड्डा ५८ फूट लांब आणि २७ फूट खोल. जॉन रँडल इथे जीवभौतिकीची प्रयोगशाळा बांधणार आहेत. रडारच्या मॅग्नेट्रॉनचे हे एक जनक आता पेशींच्या मागे लागलेत. भौतिकशास्त्रज्ञांच्या मांडीला मांडी लावून त्यांनी जीवशास्त्रज्ञ बसवलेत. म्हणून या सगळ्याला नाव पडलंय ‘रँडलची सर्कस’.

आता तळघराच्या पायऱ्या उतरा. खाली पोहोचेपर्यंत तीन वर्षं उलटलेली असतील.

१९५०. मॉरिस विल्किन्स एका चिकट गोळ्यापुढे बसलेत. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला हा डीएनए बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी मे महिन्यात लंडनच्या एका सभेत मागेल त्याला वाटला. विल्किन्स काचेची कांडी त्याला टेकवून अलगद उचलतात, आणि पाकाची तार निघावी तसा जेमतेम दिसणारा धागा वर येतो. तुम्ही श्वास रोखता. रोखाच, फुंकरीनंही तो हलेल.

विद्यार्थी रेमंड गॉसलिंग असे पस्तीसेक धागे पेपर क्लिपवर गुंडाळून चिकटवतो. क्ष-किरणांचं यंत्र रसायन विभागाच्या तळघरात आहे. कॅमेऱ्यातल्या हवेने चित्र धुरकट होतं, म्हणून आत हायड्रोजन सोडायचा. धागा सुकू नये म्हणून हा वायू आधी पाण्यातून बुडबुडत आणायचा. आणि गळती? ती थांबवायला निरोध. हसू नका, शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एकाचं बूच तेच होतं. खरी गोम मात्र त्या ओलाव्यात आहे: सुकलेला धागा काही बोलत नाही, ओला बोलतो.

१९५२च्या मे महिन्यात डोकावून या हवं तर. क्ष-किरण-चित्रणातल्या तज्ज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांना इथे येऊन सव्वा वर्ष झालंय. ओलावा किती ठेवायचा, हे त्यांनी काटेकोर बसवलंय. कमी-जास्त केला की एकच धागा दोन वेगळी रूपं दाखवतो. ६२ तास क्ष-किरण पडल्यावर फिल्मवर काळी फुली उमटते. पुढच्या जानेवारीत ती त्यांच्या नकळत, डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसनला दाखवली जाईल. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, मी इथे थांबत नाही.

मला तुम्हाला १९५०लाच परत न्यायचंय. रात्र. डार्करूमच्या दारात गॉसलिंग उभा, हातात पाणी ठिबकणारी फिल्म, तीवर नीटस, रेखीव ठिपके. भुयारासारख्या बोळांतून तो भौतिक विभागाकडे निघतो; तुम्ही मागोमाग. विल्किन्स अजून तिथेच आहेत. फिल्म पाहून ते शेरीची बाटली काढतात.

गॉसलिंग पेल्यावर पेला रिचवतो, पाणी प्यावं तसा.