सृष्टीचे मूलकण : एका उत्तराची दुरुस्ती



सृष्टीच्या मूलकणांविषयीं बोलण्याचा अधिकार वस्तुतः मजकडे नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि अकोला व अमरावती ह्या दोन जिल्ह्यांतील शाळांत अडतीस वर्षें मुलें शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तरीहि हा विषय मीं मागून घेतला, ह्याचें कारण एक जुनें ऋण आहे.

१९८६ सालच्या पावसाळ्यांत मी सातवीच्या वर्गाला अणूची रचना शिकवीत होतों. हातांत कापसाचें बोंड होतें. बोंडांतून सरकी काढली कीं रुई उरते, रुईंतून एकेक तंतु ओढतां येतो, आणि तो तंतु तोडीत तोडीत गेलें तर शेवटीं अणूपाशीं पोंचावें लागेल, असें सांगून मीं फळ्यावर तीन नांवें लिहिलीं : इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व न्यूट्रॉन. तेवढ्यांत जिनिंगमधील एका हमालाचा मुलगा मागच्या बाकावरून उठला व म्हणाला, "गुर्जी, त्या प्रोटॉनच्या अंदर काय रायते?" मीं उत्तर दिलें, "कांहीं नाहीं. तो मूळ कण आहे. खालीं बैस." मुलगा खालीं बसला. पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. नंतर कांहीं वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, माझें तें उत्तर मीं देण्यापूर्वीं अठरा वर्षें आधींच खोटें ठरलें होतें. आजचें भाषण ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

माझ्या मनाचें एवढेंच समाधान कीं, ह्या शास्त्राचा सारा इतिहासच मुळीं दुरुस्त्यांचा आहे. कणाद मुनींच्या वैशेषिक दर्शनांत परमाणु अविभाज्य मानलेला आहे. ग्रीसमध्यें डेमॉक्रिटसनेंहि तसेंच मानलें. ही तर्काची झेप होती. तिला रसायनशास्त्राचा आधार दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जॉन डाल्टन ह्या इंग्रज शाळामास्तरानें. त्याचाहि अणु अविभाज्यच होता. परंतु १८९७ सालीं जे. जे. टॉमसन ह्यांनीं केंब्रिज येथें इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि अणूंत विभाग आहेत हें सिद्ध झालें. १९११ सालीं रदरफोर्ड ह्यांनीं दाखविलें कीं, अणूचें बहुतेक सारें वजन मध्यभागच्या एका अतिसूक्ष्म गर्भांत सांठविलेलें असतें. हा गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा कल्पिला, तर सबंध अणु स्थूलमानानें चारशें मीटर रुंदीचा होईल. एवढ्या मोठ्या वावराच्या मधोमध एक दाणा, आणि बाकी सारें वावर जवळजवळ रितें! पुढें गर्भांत प्रोटॉन सांपडला, १९३२ सालीं चॅडविक ह्यांनीं न्यूट्रॉन दाखविला, आणि तीन कणांत विश्वाची मोजदाद संपली असें वाटूं लागलें. मीं फळ्यावर लिहिलेलीं तीन नांवें तीं हींच.

परंतु कथेचा पुढचा भाग आकाशांतून आला. १९१२ सालीं ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस हे विमानाच्या नव्हे, बलूनच्या साहाय्यानें पांच हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेले. तेथें त्यांना असें आढळलें कीं, हवेंत विद्युद्भार निर्माण करणारे किरण वर जावें तसे वाढत जातात. अर्थात् ते पृथ्वींतून निघत नसून बाहेरून येत असले पाहिजेत. हेच विश्वकिरण. आणि येथेंच आपल्या मुंबईचा एक पुत्र ह्या कथेंत प्रवेश करतो.

होमी जहांगीर भाभा ह्यांचा जन्म १९०९ सालचा. ते यंत्रविद्या शिकण्यासाठीं केंब्रिजला गेले आणि पदार्थविज्ञानाकडे वळले. १९३७ सालीं त्यांनीं हाइटलर ह्यांच्याबरोबर विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ति मांडली. अमेरिकेंत कार्लसन व ओपनहायमर ह्यांनींहि त्याच वर्षीं स्वतंत्रपणें तोच विचार केला होता. ही उपपत्ति वऱ्हाडांतील कोणाहि शेतकऱ्यास समजण्यासारखी आहे. बापाच्या शेताची दोन मुलांत वांटणी होते, त्यांच्या मुलांत पुन्हां वांटणी होते, आणि शेवटीं प्रत्येकाच्या वांट्याला इतकी थोडी जमीन येते कीं पुढें वांटण्यासारखें कांहीं उरत नाहीं. त्याचप्रमाणें अतिवेगवान् इलेक्ट्रॉन वातावरणांत शिरला म्हणजे आपल्या शक्तीचा कांहीं भाग प्रकाशकणाला देतो. तो प्रकाशकण एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो. त्यांपासून पुन्हां प्रकाशकण होतात. कणांची संख्या वाढत जाते, प्रत्येकाची शक्ति घटत जाते, आणि कांहीं काळानें वर्षाव आपोआप थांबतो.

ह्या हिशेबाचा एक परिणाम फार महत्त्वाचा होता. इलेक्ट्रॉनची शक्ति अशी लवकर वांटली जात असेल, तर शिशाचे जाड थर भेदून खालीं येणारे किरण इलेक्ट्रॉनचे असूं शकत नाहींत. ते दुसऱ्याच कुठल्या तरी जड कणाचे असले पाहिजेत. त्याच सुमारास अमेरिकेंत अँडरसन व नेडरमायर ह्यांना असा कण आढळला. त्याचें वजन इलेक्ट्रॉनच्या सुमारें दोनशें पट, म्हणजे इलेक्ट्रॉन व प्रोटॉन ह्यांच्या मधलें होतें. म्हणून त्याला 'मेसोट्रॉन' हें नांव पडलें.

आतां मास्तरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगतों. १९३९ सालीं भाभांनीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत लिहून ह्या नांवांतील चूक दाखविली. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन ह्या शब्दांतील 'ट्र' हा मूळ शब्दांतच आहे. ग्रीक 'मेसो' म्हणजे मधला, ह्या शब्दांत तें अक्षर नाहीं. सबब 'मेसॉन' म्हणावें. ती सूचना जगानें मान्य केली. तांबड्या शाईनें वह्या तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला ह्या प्रसंगानें किती आनंद होतो हें मीं वेगळें सांगावयास नको.

भाभांनीं आणखी एक भाकित केलें होतें. हा कण स्वस्थ असतां फक्त सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारें सव्वादोनपट इतका टिकतो. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील अर्धा मैल ओलांडीत नाहीं. मग सुमारें पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला हा कण जमिनीवर पोंचतो कसा? भाभांनीं १९३८ सालीं लिहिलें कीं, आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें अतिवेगानें धांवणाऱ्या कणाचें घड्याळ मंद चालतें. म्हणून आपल्या दृष्टीनें त्याचें आयुष्य लांबतें. पुढें प्रयोगांनीं हें खरें ठरविलें.

परंतु शब्दाची कथा येथें संपली नाहीं. जपानचे युकावा ह्यांनीं १९३५ सालीं अणुगर्भाला बांधून ठेवणारा एक कण कल्पिला होता, आणि तोच हा, असें सर्वांना वाटलें होतें. १९४७ सालापर्यंत रोम येथील प्रयोगांनीं उलट दाखविलें : हा कण अणुगर्भाची जवळजवळ दखलच घेत नाहीं. त्याच वर्षीं ब्रिस्टल येथें पॉवेल, लातेस व ओक्यालीनी ह्यांनीं खरा युकावाचा कण शोधला, तो पायॉन. पहिला कण म्यूऑन ह्या नांवानें वेगळा झाला व मेसॉनांच्या कुळांतून बाहेर पडला. म्हणजे ज्या कणासाठीं भाभांनीं शब्द शुद्ध केला, त्याच कणाकडून तो शब्द काढून घ्यावा लागला. शब्द मात्र राहिला. ह्याच शोधाच्या मार्गावर देवेंद्रमोहन बोस व बिभा चौधुरी हीं दोघें बंगालमध्यें छायाचित्राच्या कांचा वापरून बरींच पुढें गेलीं होतीं. पण महायुद्धाच्या काळांत त्यांना अधिक चांगल्या कांचा मिळाल्या नाहींत, आणि यश ब्रिस्टलकडे गेलें.

भाभा १९३९ सालीं सुटीवर हिंदुस्थानांत आले असतां युद्ध सुरू झालें व ते येथेंच राहिले. १९४५ सालीं त्यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. ती त्याच वर्षीं बंगळूरहून मुंबईस, पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यांत आली. बिभा चौधुरीहि पुढें ह्याच संस्थेंत आल्या. ह्या संस्थेच्या लोकांनीं कोलारच्या सोन्याच्या खाणींत सव्वादोन किलोमीटरांहून खोल उपकरणें नेलीं. सोनें काढण्याच्या खाणींत त्यांना न्यूट्रिनो हवा होता. हा कण इतका अलिप्त कीं, सूर्यापासून निघालेले सुमारें सहा हजार कोटि न्यूट्रिनो दर सेकंदास आपल्या अंगठ्याच्या नखांतून जातात आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. खडकाच्या एवढ्या जाड छपराखालीं इतर कण बहुतेक अडतात. तेथें आडव्या दिशेनें येणारा म्यूऑन दिसला, तर तो जवळच्या खडकांत न्यूट्रिनोनेंच निर्माण केला असला पाहिजे. १९६५ सालीं जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह त्यांनीं वातावरणांत जन्मलेल्या न्यूट्रिनोंची अशी खूण नोंदली. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतहि त्याच वर्षीं ती आढळली. भाभांना त्यानंतर फार दिवस लाभले नाहींत. २४ जानेवारी १९६६ रोजीं आल्प्स पर्वतांत विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. १९६४ सालीं गेलमन व झ्वाइग ह्यांनीं स्वतंत्रपणें सुचविलें कीं, प्रोटॉन हा 'क्वार्क' नांवाच्या आणखी लहान कणांचा बनलेला असावा. १९६८ सालीं कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड येथें प्रोटॉनवर वेगवान् इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हां त्यांतील कांहीं अनपेक्षित रीतीनें मोठ्या कोनांतून उसळले. पोत्यावर सळई खुपसावी आणि आंत खडा लागावा, तसा हा अनुभव होता. प्रोटॉनच्या आंत कठीण बिंदु होते. आज आपण म्हणतों कीं, प्रोटॉनमध्यें दोन 'अप्' व एक 'डाउन्' असे तीन क्वार्क असतात. नवल असें कीं, ह्या तिघांचें स्वतःचें वजन प्रोटॉनच्या वजनाच्या शंभरावा हिस्सा इतकेंच भरतें. बाकीचें वजन त्यांना बांधून ठेवणाऱ्या शक्तीचें आहे.

आजच्या यादींत सहा क्वार्क, इलेक्ट्रॉन-म्यूऑन-न्यूट्रिनो ह्यांच्या कुळांतील सहा कण, बलांचे वाहक कण, आणि २०१२ सालीं जिनीव्हाजवळ सांपडलेला हिग्ज कण हे आहेत. त्या शोधाच्या एका प्रचंड उपकरणाच्या उभारणींत टाटा संस्थेचाहि हात होता. असे कण शोधावे कसे, ह्याचें गणित मांडणाऱ्यांत पुण्याच्या रोहिणी गोडबोले ह्यांचें नांव जगांत आदरानें घेतलें जाई. त्या २०२४ सालीं निवर्तल्या.

ही यादी शेवटची आहे काय? इलेक्ट्रॉन व क्वार्क ह्यांच्या आंत कांहीं असल्याचें आजवरच्या प्रयोगांत दिसलेलें नाहीं. एवढेंच खरें विधान आहे. "कांहीं नाहीं" आणि "अद्याप कांहीं दिसलें नाहीं" ह्या दोन वाक्यांत दोन शब्दांचें अंतर आहे. परंतु पहिल्या वाक्यानें मुलगा खालीं बसतो, आणि दुसऱ्यानें तो उठून पाहावयास निघतो. मीं त्या दिवशीं पहिलें वाक्य उच्चारलें.

मीं बोलत असतांना, ह्या दहा मिनिटांत, आपल्या प्रत्येकाच्या तळहातांतून सुमारें हजार म्यूऑन निघून गेले. ते जसे अमरावतीच्या दिवाणखान्यांतून गेले, तसेच जिनिंगच्या पत्र्याच्या छपरांतूनहि गेले. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. कदाचित् त्याच्या घरींहि हें भाषण ऐकूं जात असेल. बाळ, प्रोटॉनच्या आंत तीन क्वार्क असतात. तुझा प्रश्न बरोबर होता.