मामांची मोटर

मामांचं सांगलीतलं वर्कशॉप गेल्या वर्षी आवरलं. लेथ भंगारात गेला, मी मात्र एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर गाडीत टाकून पुण्याला आणली. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हे ओझं कशाला, असं घरच्यांचं मत. (तसं चूक नाही.)

शाफ्ट हाताने फिरत नव्हता. प्लेटवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं, पण '५० सायकल्स' आणि '१४४०' दिसत होतं. हर्ट्झ हे नाव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आलं, तेव्हा मोटर त्याच्या आसपासची किंवा आधीची असावी. आता १४४० च का? चार पोलच्या मोटरमध्ये ५० सायकल्सना चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० वेळा फिरतं. रोटर त्याच्यामागे थोडा रेंगाळतो, आणि रेंगाळला तरच त्यात करंट तयार होतो. बरोबर गाठलं की जोर संपला!

दोन्ही कव्हरांवर पंचने खुणा केल्या, पुलरने पुली काढली, बोल्ट सोडले. ग्रीसचा अक्षरशः दगड झाला होता, बेअरिंग त्यातच अडकलेलं. रोटर बाहेर आला आणि मी बघतच राहिलो. त्याला ना तार, ना ब्रश. लोखंडी पत्र्यांच्या चळतीत नुसत्या दांड्या आणि दोन टोकांना दोन कड्या. फिरत्या क्षेत्राच्या मोटरची पेटंटं निकोला टेस्लाला १८८८ मध्ये मिळाली, पण हा थ्री-फेजचा पिंजरा १८८९ मधला, बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनियरचा. १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला वीज नेली, तेव्हा तिथल्या प्रदर्शनात त्याच्या १०० हॉर्सपॉवरच्या मोटरने कृत्रिम धबधब्याचं पाणी वर चढवलं. माझ्या टेबलावर त्याच पिंजऱ्याचं धाकटं भावंड पडलं होतं.

मग सव्वाशे वर्षांत बदललं काय? मुख्यतः लोखंड आणि इन्शुलेशन. १८९७ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जेवढी जागा घ्यायची, तेवढ्यात पुढे १०० हॉर्सपॉवरची बसू लागली. कापूस, कागद आणि वार्निश यांचं इन्शुलेशन १०५ अंशांपर्यंत टिकतं, आजचं क्लास एफ १५५ पर्यंत. माझ्या मोटरमध्ये कापूस गुंडाळलेली तार होती आणि स्लॉटमध्ये चक्क बांबूच्या पट्ट्या.

मेगरवर रीडिंग आलं ०.२ मेगओहम. किमान दीड तरी हवं. रिवाइंडिंगवाले म्हणाले, "साहेब, जाळून काढू, नवीन भरून देतो." जाळलं की तार पटकन सुटते, पण उष्णता जास्त झाली तर पत्र्यांमधलं इन्शुलेशनही जळतं आणि मोटर कायमची जास्त तापते. शिवाय मला 'ओरिजिनल' वाइंडिंग घालवायचं नव्हतं. म्हणून आधी सुकवून बघायचं ठरवलं. स्टेटरमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला (फिलामेंटचा बल्ब मिळवायला चार दुकानं पालथी घातली!) आणि तीन दिवस ठेवला. ओल होती, ती गेली. रीडिंग सहावर गेलं.

टर्मिनल बॉक्स साफ करताना झाकणाच्या आत चिकटवलेला पिवळा कागद दिसला. त्यावर तारेचा गेज, स्लॉटमागे वेढे आणि 'बांबू ओला नको'. अक्षर मामांचं. म्हणजे ज्याला मी कारखान्यातलं समजून जपत होतो, ते मामांनीच भरलेलं होतं. असो, जपण्यात काही फरक पडला नाही.

बेअरिंग ६२०४ नंबरचीच होती, बाजारात दहा मिनिटांत मिळाली. रिवाइंडिंगवाल्यांच्याच दुकानात थ्री-फेजवर जोडली. बटण दाबल्यावर क्षणभर घुमली आणि सुटली. ते शाफ्टजवळ कान नेऊन ऐकत राहिले, मग म्हणाले, "हात चांगला होता हो."

लेथ आता नाही. ग्राइंडर बसेल म्हणतात. बघू, पुढच्या शनिवारी पुलीचं माप घ्यायचंय.