पुणे मातृपोषण अभ्यास

गर्भवतीचा आहार आणि तिच्या अपत्याला पुढे जडणारे मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार यांचा संबंध तपासणारा दीर्घकालीन संशोधनप्रकल्प. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू केला.

जन्मतः वजन कमी असलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात, हे ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशर परगण्यातील १९११ पासूनच्या जन्मनोंदींवरून दाखवले होते. परंतु त्या दप्तरात आईने काय खाल्ले याचा उल्लेख नव्हता. पुण्याच्या अभ्यासाने नेमके तिथून काम सुरू केले. गावातील विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला घरी जाऊन टिपल्या जात, त्यामुळे दिवस राहण्यापूर्वीचीही माहिती हाती आली.

या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंमी. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनमध्ये ते साडेतीन किलोच्या आसपास होते. फरक नुसता वजनाचा नव्हता. मापे घेतली तेव्हा पोटाचा घेर आणि दंड बरेच लहान आढळले, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेची घडी त्या मानाने फारशी कमी भरली नाही. म्हणजे स्नायू आणि पोटातील अवयव खुंटले होते, चरबी मात्र टिकून होती. नाळेच्या रक्तातील इन्शुलिनही इंग्लिश बाळांपेक्षा जास्त होते. हाच तो ‘कृश पण मेदयुक्त’ भारतीय अर्भकाचा सिद्धान्त. मोठेपणीही ही ठेवण कशी दिसते, याचा पुरावा खुद्द याज्ञिकांनीच दिला : २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांच्यासोबत त्यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

पोटभर खाल्ले की बाळ बाळसेदार होते, या समजाला या अभ्यासात फारसा आधार मिळाला नाही. बाळाच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक जुळला. शेतात-घरात अंगमेहनत जास्त असलेल्या मातांची बाळे लहान होती.

सर्वांत चर्चिला गेलेला निष्कर्ष ब-१२ जीवनसत्त्वाचा. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते आणि निम्म्याहून अधिक गर्भवतींत त्याची कमतरता होती. ज्यांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वाधिक प्रतिरोध आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वे डीएनएवर मिथिल गट बसवण्याच्या प्रक्रियेत लागतात आणि कोणते जनुक चालू राहील हे काही अंशी त्यावर ठरते. मात्र हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे. तेवढ्यावरून फोलेट पुरवणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळ्यांना दोष देणे चूक; मज्जारज्जूचे जन्मदोष टाळण्यासाठी त्या आवश्यकच आहेत.

कार्यकारणभाव तपासण्यासाठी याच मुलामुलींना पौगंडावस्थेपासून ब-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवरील परिणाम पाहणारा प्रयोग २०१२ मध्ये हाती घेण्यात आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील एका स्वतंत्र प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. बाळांचे सरासरी वजन मात्र एकंदरीत वाढले नाही. जी थोडी वाढ दिसली ती किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांत, आणि त्यांतही अगदी कृश मातांपेक्षा अंगाने बऱ्या असलेल्यांत.