ठगाची जबानी आणि विलायती खूनकथा

सांप्रत अनेक सुशिक्षित घरांतून विलायती खूनकथांच्या चित्रमालिका मोठ्या आवडीनें पाहिल्या जातात. शांत खेड्यांत प्रेत सांपडावें, प्रत्येकावर संशय जावा आणि अखेरीस चतुर शोधकानें अपराधी दाखवून द्यावा, यांत बुद्धीला खराखुरा आनंद आहे. परंतु या आवडीच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोंचतो, हें थोड्यांस ठाऊक असेल.

फिलिप मेडोज टेलर हा १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. १८२४ मध्यें तो मुंबईस व्यापारी पेढीवर आला व लवकरच निजामाच्या फौजेंत शिरला. १८३९ सालीं त्याची ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी लंडनांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांची कबुली शांतपणें देतो. प्रवाशांशीं गोड बोलावें, विश्वास संपादावा आणि खूण होतांच रुमालानें गळा आवळावा, ही त्याची रीत. पुस्तक फार गाजलें. खुद्द व्हिक्टोरिया राणी तें वाचण्यास उत्सुक होती. पुढें १८६८ च्या ‘मूनस्टोन’मध्यें श्रीरंगपट्टणच्या लुटींतील हिरा आला, आणि १८९० च्या ‘साइन ऑफ फोर’ या शेरलॉक होम्सच्या कथेंत आग्र्याचा खजिना. विलायती रहस्यकथेला हिंदुस्थान असा वारंवार उपयोगीं पडला.

येथें आम्हां माहूरकरांस थोडें थांबावें लागतें. टेलरचे ठग भवानीचे भक्त आहेत. तिचा कौल घेतल्यावांचून ते वाटेस लागत नाहींत. साडेतीन पीठांपैकीं तुळजापूर व माहूर हीं दोन पीठें मराठवाड्यांत आहेत. जिच्या नांवानें आपल्या आयाबायांनीं जोगवा मागितला, ती जगन्माता विलायतेच्या वाचकांना खुन्यांची देवता म्हणून परिचित झाली.

टेलरला हा मुलूख परका नव्हता. १८५३ पासून कांहीं वर्षें नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता, आणि १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरींत त्यानें तुळजापूरचें चित्र आस्थेनें रेखाटलें. पण ठगांविषयींची माहिती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आलेली होती. १८३६ च्या कायद्यानें विशिष्ट खून शाबीत न होतांही, केवळ ठगांच्या टोळींत असल्याबद्दल जन्मठेप देतां येई. वाटमारे प्रवाशांना ठार करीत, यांत संशय नाहीं. परंतु देशभर पसरलेल्या एका धर्मवेड्या पंथाचें चित्र कितपत खरें, याविषयीं अलीकडच्या इतिहासकारांनीं गंभीर शंका घेतल्या आहेत.

पुढें सरकारलाही कबुलीजबाबावर मर्यादा घालावी लागली. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. २०२४ मध्यें त्याच्या जागीं नवा कायदा आला, तरी हें तत्त्व कायम आहे. होम्सही पाऊलखुणा, राख, चिखल यांना आधीं बोलतें करतो.

म्हणून या कथा अवश्य पाहाव्या; बाबूराव अर्नाळकरांचा ‘काळा पहाड’ वाचणाऱ्या मराठी माणसास ही गोडी नवी नाहीं. मात्र कोणा जमातीवर वा दैवतावर ठपका येतो, तेव्हां साक्ष कोणाची आणि ती कोणत्या भयानें दिलेली, एवढें विचारण्याची शोधकवृत्ति प्रेक्षकानेंही बाळगावी. माहूरच्या वाटेवरील यात्रेकरूंना निदान तेवढा न्याय मिळालाच पाहिजे.